बाजारात बसायचं की सेंटरला माल घालायचा?

आमच्या तालुक्याच्या गावात हायवेला लागून मोठं मार्ट झालं, आणि झालं ते नेमकं बाजारतळाच्या समोर, तेव्हापासून वाडी-वस्तीवरची पोरं एकच विचारतात की अर्धा एकर काकडी, टोमॅटो, थोडी मेथी आहे, तर बाजाराच्या दिवशी बसायचं का असल्या दुकानांना माल पुरवणाऱ्या कलेक्शन सेंटरला गाडी लावायची. मी दोन्ही केलंय, आईनं तर पंचवीस-एक वर्षं बाजार केला, म्हणून बघितलंय तेवढं लिहितो.

भावात सेंटर पुढं आहे, हे आधी कबूल करतो. बाजार समितीच्या यार्डाचा भाव बघून ते आपला भाव काढतात आणि बऱ्याचदा किलोमागं थोडं जास्तच देतात. आडत नाही, हमाली-तोलाई नाही, काटा इलेक्ट्रॉनिक. जुलै २०१६ मध्ये राज्यात फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, त्यामुळं बाजार समितीच्या बाहेर विकायला आता अडकाठी पण नाही. सकाळी सातला माल टाकला की नऊला तुम्ही परत रानात.

पण ते घेतात फक्त एक नंबर माल. माझ्यासमोर त्या पोरानं एकेक काकडी उचलायची, डोळ्यासमोर आडवी धरायची, शेंड्याला जरा वाकलेली दिसली की बाजूच्या कॅरेटात. त्याचा पण दोष नाही, त्याला वरनं तसंच सांगितलेलं असतं. समजा तुम्ही शंभर किलो नेली आणि साठच घेतली, तर उरलेल्या चाळीस किलोचं काय करायचं? ती शेवटी बाजारातच येते. खानावळवाला, मिसळवाला येतो, वाकडीतिकडी बघत नाही, चव बघतो, पाच-पाच किलो पिशवीत भरून नेतो. म्हणून सेंटरचा भाव जास्त दिसला तरी शंभर किलोचे मिळून किती आले ते मोजा, साठाचा हिशोब धरून बसू नका. बाजार नसता तर ती चाळीस किलो म्हशीपुढं टाकायची वेळ आली असती.

दुसरं म्हणजे मागणी. सेंटरवाले आदल्या संध्याकाळी फोन करतात, उद्या एवढे कॅरेट आणा. लेखी करार काही नसतो. टंचाईत ते रोज फोन करतात आणि माल उदंड झाला की फोनच येत नाही, रानात तोडणी होऊन माल पडलेला असतो आणि जाब विचारायला समोर कोणी नाही. टोमॅटोचं २०२३ साल आठवा. जुलैत नारायणगावला वीस किलोच्या कॅरेटला दोन हजाराच्या वर भाव गेलेला आणि सप्टेंबरात लोकांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. तसल्या दिवसांत बाजारात पण पडूनच भाव मिळतो, त्यात काही खोटं नाही, पण दिवे लागणीला ढीग लावून, दहाला तीन जुड्या ओरडून माल मोकळा तरी होतो आणि रोख पैसे घेऊन माणूस घरी जातो.

पैशाचंच एक सांगायचंय, जे कोणी बोलत नाही. सेंटरला नाव नोंदवताना सातबारा, आधार, पासबुक मागतात. आमचा सातबारा वडिलांच्या नावावर. म्हणजे तोडणी आईची, जुड्या बांधणं आईचं, आणि पैसे चार-आठ दिवसांनी वडिलांच्या खात्यावर. बाजारात तेच पैसे तिच्या कनवटीला असायचे, त्यातनंच ती तेल-मीठ, सुकट, आमच्या वह्या, घरी येताना भेळभत्ता आणायची. वडील काही वाईट नाहीत, पण स्वतःच्या कमाईतनं खर्च करणं आणि मागून घेणं यात फरक आहे, तो मी आईच्या तोंडावर बघितलाय. ज्या घरात बाई बाजार करते तिथं निर्णय तिला विचारून घ्या, फार तर सातबाऱ्यावर तिचं पण नाव लावून घ्या.

बाजाराचे हाल पण आहेत. दिवसभर ऊन, मध्येच पाऊस, बायांना बाथरूमची सोय नाही, टेम्पोचं भाडं, जागेची पावती, अख्खा दिवस मोडतो. एक-दोन कॅरेटसाठी हे जमतं, दहा कॅरेटसाठी नाही जमत.

म्हणून माझं म्हणणं असं, की मेथी, कोथिंबीर, शेपू, गावठी वांगी असला माल बाजारातच न्या, पालेभाजी सेंटरच्या कॅरेटात दुपारपर्यंत मान टाकते. काकडी, टोमॅटो, ढोबळी जास्त असेल तर एक नंबर माल सेंटरला द्या आणि बाकीचा बाजारात. फक्त बाजारातली जागा सोडू नका. तीन-चार बाजार चुकले की तिथं दुसरा कोणीतरी बसतो आणि मग भांडून पण मिळत नाही.

आणि जागेवरच आता खरा घाव आहे. मार्टला येणाऱ्या गाड्या बाजाराच्या दिवशी तळावरच लागतात, ट्रॅफिक तुंबतं, आणि बोलणं सुरू होतं की बाजारच गावाबाहेर हलवा. गावाबाहेर म्हणजे एसटी स्टँडपासून लांब, तिथं डोक्यावर पाटी घेऊन म्हातारी कशी पोचणार? २०१२ ला परदेशी कंपन्यांना दुकानं काढायला परवानगी दिली तेव्हा दहा लाखांवरच्या शहरांची अट होती, देशी साखळी दुकानांना तसली अट नाही, त्यामुळं ती तालुक्यापर्यंत येणारच. पण २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, त्यात पन्नास वर्षांहून जुन्या नैसर्गिक बाजारातल्या, म्हणजे विकणारे-घेणारे परंपरेनं जमत आलेत अशा बाजारातल्या, विक्रेत्यांना हलवायचं नाही असं आहे. तो शहरी भागाला लागू होतो, म्हणजे तुमच्याकडं नगरपंचायत किंवा नगरपरिषद असेल तर तिथल्या पथविक्रेता समितीकडं चौकशी करा. ग्रामपंचायत असेल तर बाजारतळाचा विषय ग्रामसभेतच लावून धरायला लागेल, आणि तिथं बसणाऱ्या बायांना घेऊन जायला लागेल.

तिथं तुम्ही इतकी वर्षं बसता हे दाखवायला काहीतरी कागद लागतो. ठेकेदाराचा माणूस फाडून देतो ती पातळ गुलाबी पावती टाकून देऊ नका. आईच्या १९९८ पासनंच्या पावत्या गव्हाच्या कोठीवर एका पिशवीत आहेत, शाई उडालीय पण तारखा वाचता येतात, मी परवा बसून सगळ्यांचे फोटो काढले.