कन्सेप्ट द्यायची की संवाद धरायचे?

मागच्या महिन्यात नाशिकच्या कालिदास कलामंदिराबाहेर, प्रयोग सुटल्यावर, सिडकोतल्या एका मुलाने मला गाठलं. राज्य नाट्य स्पर्धेसाठी लिहितो, हात चांगला आहे. मुंबईहून त्याला दोन बोलावणी आली आहेत. एका निर्मात्याला त्याची मालिकेची कल्पना आवडलीय: 'दोन पानी नोट पाठव, चॅनेलला दाखवतो, कथा म्हणून नाव तुझंच.' दुसरीकडे चालू मालिकेचे संवाद आहेत. कथा दुसऱ्याची, पटकथा तिसऱ्याची, याला एपिसोडमागे ठरलेली रक्कम. 'ताई, कुठलं धरू?' पार्किंगमध्ये उभ्या उभ्या सुचलं ते सांगितलं. बाकीचं इथे लिहिते, कारण असं विचारणारा तो एकटा नाही.

पहिल्याची ओढ मला कळते. आपली गोष्ट, आपली माणसं, पडद्यावर आपलं नाव. मीही तीच वाट धरली होती. माझी नायिका निफाडच्या द्राक्षबागायतदाराची धाकटी सून. बागेचा सगळा हिशेब ती कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या जागेत लिहायची, कारण वही मागितली की सासरा 'कशाला?' म्हणायचा. मुंबईतल्या एका ऑफिसात मी हे तासभर रंगवून सांगितलं. समोरच्या बाईंचे डोळे भरून आले. 'हे तूच लिहिणार,' त्या म्हणाल्या, आणि तेवढ्या शब्दावर मी आनंदात नाशिकला परतले. पुढे आठ महिने 'चॅनेलकडे आहे, बघतायत'. मग फोन उचलणंच बंद. दीड वर्षाने प्रोमो आला: महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, धाकटी सून, आणि भिंतीवरून उतरवलेलं कॅलेंडर, त्याच्या पाठीवर पेन्सिलीने मांडलेली बेरीज. आईने उठून टीव्ही बंद केला.

वकिलांनी एकच विचारलं, लिहून काय दिलं होतं? दोन पानं. कॅलेंडर त्यात नव्हतंच, ते मी तोंडी सांगितलं होतं.

इथेच दोन्ही रस्त्यांमधला खरा फरक आहे. 1978 साली आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कॉपीराइट नसतो, तो असतो मांडणीवर. म्हणजे दोन पानी नोट देताना तुमच्या हातचं जवळजवळ सगळं जातं आणि कायद्याने राखता येईल असं फारच थोडं उरतं. तीच गोष्ट पात्रांची चरित्रं, पहिल्या दहा भागांची बांधणी आणि दोन-तीन प्रसंग पूर्ण संवादांसह लिहून काढली, तर बोट ठेवायला जागा असते. आणखी एक आधार आहे, विश्वासाने सांगितलेलं गुपित मोडल्याचा. 2003 मध्ये झी टेलिफिल्म्स विरुद्ध संडायल या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने तो मानला. पण तिथे कन्सेप्ट आधी लेखक संघटनेकडे नोंदवलेली होती. माझ्याकडे फक्त त्या बाईंचे डोळे भरून आल्याची आठवण होती.

संवादाचं काम दिसायला धाकटं. रात्री अकराला पटकथा हातात येते, सकाळी सेटवर पानं हवी असतात, आणि पैसे बहुतेक वेळा प्रसारणानंतर 90 दिवसांनी. गोष्ट कधीच तुमची होत नाही. पण नाशिकच्या घरात बसून होणारं काम आहे, मुंबईचं भाडं डोक्यावर नाही, आणि चॅनेलला सीन कुठे तोडून हवा असतो हे दोन महिन्यांत अंगात मुरतं. यातला धोका वेगळा, नावाचा. 'सध्या नाव नको, पन्नास भाग झाले की लावू' हे वाक्य आलं की मी थांबायला सांगते. कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 प्रमाणे हक्क विकल्यानंतरही लेखन आपलं आहे हे सांगण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो, पण तो बजावायला कोर्टात जावं लागतं. पहिल्या भागाआधी एका ओळीचा मेल मागून घेणं त्यापेक्षा कितीतरी सोपं.

कागद दोन्हीकडे लागतो, पण पहिल्या रस्त्यावर तो नसेल तर पाऊलच टाकू नये. कलम 19 प्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं धरली जाते. आणि घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास ते लेखकाकडे परत येतात. 'चॅनेलकडे अडकलंय' ऐकत बसणाऱ्याने हे कलम पाठ करावं.

नोंदणीचं म्हणाल तर स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन ऑनलाइन नोंदणी करणं झटपट होतं, आणि वाद झाला तर त्यांची तंटा समितीही आहे. कॉपीराइट कार्यालयाकडे 500 रुपये शुल्क, पण अर्जानंतर हरकतींसाठीच 30 दिवस थांबावं लागतं. घाई असेल तर आधी पहिलं.

माझा कौल संवादांना. स्वतःची गोष्ट तोवर लिहीत राहायची, पूर्ण, कॅलेंडरसकट.

त्या मुलाने संवाद घेतलेत, नावाचा मेल आधी मागून. पहिल्या निर्मात्याला त्याने कळवलंय: 'दहा भागांची बांधणी तयार आहे, नोंदवलेली आहे. गोपनीयतेच्या पत्रावर सही झाली की पाठवतो.' तीन आठवडे झाले, उत्तर नाही. परवा मी त्याला वनलाइनर, म्हणजे एका ओळीत गोष्ट, विचारली, तर म्हणाला, 'ताई, तुम्हालाही आधी मेलवरच पाठवतो.'