समुद्रकाठच्या ‘हिरव्या’ हॉटेलात आमचे पैसे कसे अडकले

तापी सुरतेपुढे जाऊन समुद्राला मिळते, तेवढाच आम्हा खान्देशकरांचा समुद्राशी संबंध. हे हेरून एक जमीन एजंट आपल्या रावेर-यावल पट्ट्यात फिरतोय, म्हणून हे लिहितोय.

आम्ही चौघे मित्र, सगळे केळीवाले. मालवण तालुक्यात किनाऱ्यालगत आठ खोल्यांचं छोटं हॉटेल काढायचं ठरवलं होतं. बांबू आणि जांभ्याचं बांधकाम, सोलर, प्लॅस्टिक बंद. एजंटाला ही कल्पना आमच्याहून जास्त आवडली! सिंधुदुर्ग 1997 पासून पर्यटन जिल्हा आहे, 2021 ला चिपीचं विमानतळ सुरू झालं, असं तो सांगायचा. ते खरंच आहे. या माणसाचं निम्मं बोलणं खरं असतं, म्हणून तर पुढचं पटत जातं.

त्याने आम्हालाच का धरलं, तेही कळलं. शेतजमीन घ्यायला कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे घेणारा शेतकरी लागतो. मुंबईच्या नोकरदाराला ते सहज जमत नाही. आमच्या नावावर सातबारा, आणि केळी कापली की हातात पैसा. असं गिऱ्हाईक कोण सोडेल?

जागा दाखवायला त्याने अष्टमीच्या आसपासचा दिवस निवडला. तेव्हा समुद्राला भांग असतो, म्हणजे भरती फार वर चढत नाही. समोर ही एवढी रुंद कोरडी पुळण (वाळूचा किनारा), मागे सुरूचं बन. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी पार सुरूच्या मुळाशी येतं, हे किनाऱ्यावरून रापण म्हणजे मोठं जाळं ओढणाऱ्या तिथल्या एका काकांनी सांगितलं, पण तोवर टोकन देऊन झालं होतं. आणि ते सुरूचं बनही सरकारी निघालं.

खरी मेख सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या नियमांची. 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे विरळ वस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून 200 मीटर ना-विकास क्षेत्र असतं. आम्ही विचारलं तर म्हणे, “भाऊ, तो नियम सिमेंटवाल्यांना. तुमचं इको-फ्रेंडली आहे, दहा मीटर सोडले की झालं.” दहा मीटरची तरतूद आहे, पण ती शॅक, स्वच्छतागृह, कपडे बदलायच्या खोल्या अशा तात्पुरत्या पर्यटन सोयींसाठी, आणि तीही परवानगीनेच. राहायच्या आठ खोल्या त्यात बसत नाहीत, मग भिंत बांबूची असो की काचेची. पर्यावरणाच्या नावाखाली पर्यावरणाचाच कायदा बाजूला सारायचा, ही या माणसाची खास कला.

सातबारा दाखवला तो अस्सल होता. फक्त तो टेकडीवरच्या हिश्श्याचा होता, पुळणीवरच्या जागेचा नव्हता. कोकणात एकाच सर्व्हे नंबरचे ढीगभर हिस्से असतात आणि एकेका हिश्श्यावर भाऊबंदांची लांबलचक यादी. सही मात्र एकाच्याच मुखत्याराची. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत ऑनलाइन मिळतो, पण त्याने जागा कुठे आहे ते कळत नाही. त्यासाठी भूमी अभिलेखचा नकाशा आणि सरकारी मोजणी लागते. एजंट मोजणीचं नाव काढलं की चिडायचा. “मालक दुसऱ्याला देईल” म्हणायचा.

साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) केलं ते नोटरीपुढे. स्टॅम्पपेपर, लाल शिक्के, फोटो, सगळं झोकात. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी नाही, त्यामुळे इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या सरकारी सूचीत, त्याचा मागमूस नाही. प्रत्येकी सात लाख गेले. त्यातले काही रोख दिले होते, त्यांची पावती नाही.

पोलिसांत तक्रार दिली आहे. पहिल्यांदा “हे दिवाणी प्रकरण आहे” म्हणून परत पाठवलं. दोन वेगवेगळ्या जागांचे कागद समोरासमोर ठेवल्यावर अर्ज घेतला. बँकेतून गेलेल्या रकमेचं स्टेटमेंट आणि व्हॉट्सॲपवरचे त्याचे आवाजी निरोप तिथे उपयोगी पडले. ज्यांनी त्याला पैसे दिलेत त्यांनी हे दोन्ही आजच जपून ठेवा.

सध्या त्याची माणसं शहादा-नंदुरबारकडे मिरचीवाल्यांना भेटतायत, असं ऐकलंय. आता हॉटेल नाही म्हणे, तंबू आहेत. जागेचे फोटो मात्र तेच, आमच्या पुळणीचे.