पायथनमधली वेळ साडेपाच तास मागे: यूटीसीनाऊ की नाऊ?

टाइमस्टँप (सेकंदांत मोजलेली वेळ) बरोबर 19,800 सेकंद, म्हणजे साडेपाच तास, मागे दिसतोय? मग घड्याळ सोडा, आधी 'यूटीसीनाऊ()' शोधा. ते वेळ यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) देतं, पण टाइमझोनची खूण लावत नाही. पुढे 'टाइमस्टँप()' तीच वेळ स्थानिक धरतं आणि भारतीय वेळेवरच्या लॅपटॉपवर साडेपाच तास कापले जातात. सर्व्हर यूटीसीवर असेल तर चूक दिसतच नाही, हा खरा ताप. पायथन 3.12 पासून 'यूटीसीनाऊ()' डेप्रिकेटेड आहे, म्हणजे चालतं, पण वापरू नका असा इशारा आहे.

'नाऊ(टाइमझोन.यूटीसी)' खूण लावूनच वेळ देतं. नव्या कोडमध्ये हेच वापरा. जुना कोड अर्धाच बदललात तर मात्र खूण असलेल्या आणि बिनखुणेच्या वेळांची वजाबाकी 'टाइपएरर' देते, आणि '==' गुपचूप 'फॉल्स'. डेटाबेसात यूटीसीतच साठवलेल्या बिनखुणेच्या वेळांना 'रिप्लेस(टीझेडइन्फो=टाइमझोन.यूटीसी)' लावा, 'अ‍ॅस्टाइमझोन()' त्यांना पुन्हा स्थानिकच समजतं.