‘मेडिकल ग्रेड सिलिकॉन’च्या नावाखाली 8,997 रुपये लुबाडले

ऑनलाइन मागवलेल्या सेक्स टॉयचे 3,499. वर ‘प्रायव्हेट पॅकिंग’चे 499. पैसे सिलिकॉनचे घेतले आणि पुण्यात घरपोच आलं ते टीपीई, म्हणजे मऊ, तेलकट, रबरासारखं प्लॅस्टिक. मग परताव्याच्या नावाखाली आणखी 4,999 काढून घेतले. सेक्स टॉय विकणाऱ्या भामट्यांना पक्कं ठाऊक असतं की गिऱ्हाईक लाजेपोटी तोंड उघडणार नाही. म्हणूनच हे उघड लिहितेय.

खरी चीड येते ती एका ओळीची. जाहिरातीत वर ‘100 टक्के मेडिकल ग्रेड सिलिकॉन’, आणि खाली बारीक अक्षरात ‘धुऊन वाळवल्यावर पावडर लावा, गरम पाण्यात घालू नका’. खोटं तिथेच उघडं पडलं होतं! सिलिकॉनला पावडर लागत नाही. चिकट होतं ते टीपीई, आणि उकळत्या पाण्यात आकार सोडतं तेही टीपीईच. मोटर नसलेली शुद्ध सिलिकॉनची वस्तू तीन ते पाच मिनिटं खुशाल उकळता येते. पण पैसे भरताना निगेच्या सूचना कोण वाचतं? किंमत रस्त्यावरच्या मालाची नव्हती, अभिप्राय चांगले होते, आणि दुकानात जाऊन हातात घेऊन बघायची सोय आपल्याकडे आहे कुठे?

खोका उघडताच वास आला तर वस्तू वापरू नका. शुद्ध सिलिकॉनला वास नसतो. टीपीईला सूक्ष्म छिद्रं असतात, साबणाने धुतलं तरी जंतू आत राहतात; वापरायचंच झालं तर दर वेळी नवा कंडोम चढवून, आणि सोबत पाण्यावर आधारित वंगण. तेल लावलं की लॅटेक्सचा कंडोम फाटतो. ‘जेली’ म्हणून विकतात ते मऊ पीव्हीसी तर घेऊच नका. ते मऊ करायला थॅलेट्स नावाची रसायनं घालतात, आणि त्यांतल्या काहींवर युरोपात मुलांच्या खेळण्यांत 0.1 टक्क्याची मर्यादा आहे.

‘स्वच्छतेच्या कारणास्तव माल परत घेत नाही’ हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. जाहिरातीपेक्षा वेगळा माल परत घ्यायला नकार देता येत नाही, 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत तसं स्पष्ट आहे. तक्रार केल्यावर ‘रिफंड विभागा’चा फोन आला. ऑर्डर क्रमांक, पत्ता, रक्कम, सगळं त्यांच्याकडे बिनचूक होतं. कुणाचाही विश्वास बसला असता. क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, म्हणाले. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.

बँकेने हात झटकले: पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात चार माणसांदेखत मोठ्याने विचारलं, नक्की काय मागवलं होतं? मग, असल्या गोष्टी मागवायच्याच कशाला? मग, ही आमची हद्द नाही. दुसऱ्या ठाण्यात पुन्हा तोच प्रश्न, तेच हसू. अहो, चोरी पैशांची झाली आहे! खासगी वापरासाठी अशी वस्तू घरात ठेवणं हा गुन्हा नाही. कस्टम्सने सेक्स टॉय ठरवून अडवलेले बॉडी मसाजर अश्लील वस्तूंवरच्या आयातबंदीत बसत नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये म्हटलं आहे. तरी मान खाली घालून उभं राहायचं ते तक्रारदारानेच.

पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन करा, ठाण्याच्या पायऱ्या नंतर. मालाची तक्रार ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर. अर्जात ‘जाहिरातीपेक्षा वेगळ्या पदार्थाची वस्तू’ एवढं लिहिलं तरी पुरतं. खोका, बिल, जाहिरातीचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. वस्तूही संतापाने फेकू नका, तो पुरावा आहे. फक्त वेगळ्या सुती पिशवीत ठेवा. टीपीई दुसऱ्या मऊ प्लॅस्टिकला लागून राहिलं की तेल पाझरतं आणि दोन्ही खराब होतात.