‘कर्टन’: सात महिन्यांत दोन वाचने

एप्रिलमध्ये नागपूरच्या बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून मी अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांची ‘कर्टन’ ही कादंबरी ऐंशी रुपयांना घेतली. घरी येऊन उघडून पाहतो तो सुरुवातीच्याच एका प्रकरणात एका पात्राच्या नावाखाली पेन्सिलीची ठळक रेघ ओढलेली आणि समासात एकच शब्द लिहिलेला: ‘हाच!’ रहस्यकथेच्या वाचकावर याहून मोठा अन्याय होऊ शकत नाही. मी पुस्तक तसेच मिटले आणि ठरवले की ख्रिस्तींचा बेल्जियन गुप्तहेर हर्क्यूल पॉयरो याची ही अखेरची कामगिरी वाचण्याआधी मालिकेतल्या आधीच्या काही कादंबऱ्या वाचाव्यात. तोवर ते नाव आपोआप विस्मरणात जाईल.

नाव काही विसरले नाही, पण तो निर्णय मात्र फळला. पॉयरोच्या एकूण 33 कादंबऱ्या आहेत. त्यांतल्या नऊ मी उन्हाळाभर कूलरसमोर बसून वाचल्या आणि आरंभ अर्थातच 1920 साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स’पासून केला. ‘कर्टन’ त्याच स्टाइल्सच्या घरात घडते, फरक इतकाच की ते आता खानदानी घर राहिलेले नसून पैसे घेऊन पाहुणे ठेवणारे अतिथिगृह झाले आहे. पॉयरोचा जुना मित्र आणि कथेचा निवेदक कॅप्टन हेस्टिंग्ज विधुर झाला आहे, त्याची मुलगी ज्युडिथ बापाचे ऐकत नाही आणि पॉयरो संधिवाताने जखडून चाकांच्या खुर्चीत बसला आहे. ज्याने पहिली कादंबरी वाचलेली नाही, त्याला हे घर म्हणजे केवळ एक घर वाटेल. आमच्या वाचनगटातल्या ज्या दोघांनी थेट ‘कर्टन’च हाती घेतली, त्यांना ती संथ आणि उदास वाटली, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तसेच वाटले असते.

लेखिकेने ही कादंबरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून जपून ठेवली होती. ती सप्टेंबर 1975 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्याआधीच 6 ऑगस्टला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर पॉयरोचा मृत्युलेख छापला होता. वयाचा हिशेब मात्र करू नये. पहिल्या महायुद्धाच्या काळातच पोलिसांतून निवृत्त झालेला हा बेल्जियन गृहस्थ 1975 पर्यंत शंभरी केव्हाच ओलांडून गेलेला असतो.

कादंबरीची खरी करामत तिच्या मांडणीत आहे. पॉयरो हेस्टिंग्जला पाच जुन्या खुनांची हकिगत सांगतो. त्या प्रत्येकात गुन्हेगार जवळजवळ उघड आहे, तरी या पाचही प्रकरणांशी एकाच व्यक्तीचा संबंध आलेला आहे आणि ती व्यक्ती आज याच घरात राहत आहे. पॉयरो तिला ‘एक्स’ म्हणतो. नाव सांगत नाही, कारण हेस्टिंग्जच्या चेहऱ्यावर सगळे लगेच उमटते. हे कारण वाचून मी हसलो. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की हेस्टिंग्जइतकाच वाचकाचाही चेहरा पॉयरोने ओळखलेला आहे. हेस्टिंग्ज जे पाहतो ते सगळे आपल्याला प्रामाणिकपणे सांगतो, लपवत काहीच नाही. चुकतो तो फक्त त्याचा अर्थ लावताना, आणि आपणही त्याच्याबरोबर तितकेच चुकत जातो.

या परिच्छेदात एका सुगाव्याचा उल्लेख आहे, तेव्हा ज्यांना तो नको असेल त्यांनी पुढच्या परिच्छेदावर जावे. पॉयरो हेस्टिंग्जसाठी जे सुगावे ठेवतो, त्यांत ‘ऑथेल्लो’ची प्रत आहे. गोविंद बल्लाळ देवल यांनी हेच नाटक ‘झुंझारराव’ म्हणून मराठीत आणले, आणि पुढे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतला एक नायकही ‘झुंजार’ झाला. नावाचा हा योगायोग निव्वळ गमतीचा आहे, पण देवलांचे नाटक आठवणाऱ्या आमच्या गटातल्या एका आजींनी ‘एक्स’ला आम्हा सर्वांच्या आधी ओळखले, तो मात्र योगायोग नव्हे.

बाकी मते जुळली नाहीत. औषधांच्या दुकानात आयुष्य घालवलेल्या ताईंना कालाबार शेंगेच्या विषाचा भाग सर्वांत आवडला. या शेंगेतले विष, फायसोस्टिग्मिन, काचबिंदूवरचे औषध म्हणूनही वापरले गेले आहे, आणि पहिल्या महायुद्धात लेखिकेने स्वतः रुग्णालयाच्या औषधविभागात काम केले होते, हे त्यांनीच आम्हाला सांगितले. वकिली केलेल्या काकांना मात्र पॉयरोचा अखेरचा निर्णय अजिबात पटला नाही. ‘पुरावा नाही म्हणजे गुन्हा सिद्ध नाही, मग तुमचा गुप्तहेर कितीही हुशार असो,’ हे त्यांचे म्हणणे मला खोडता आले नाही, तरीही शेवट वाचताना मी पॉयरोच्याच बाजूने होतो. मधल्या प्रकरणांतले संवाद थोडे लांबले आहेत, ही तक्रार मात्र दोन वाचनांनंतरही कायम आहे.

प्रतीबद्दल थोडेसे: कूलरच्या ओलसर हवेने पाने फुगली आणि जूनमध्ये पुठ्ठ्याचा डिंक सुटला, म्हणून मी ती बाइंडरकडून दोऱ्याने शिवून घेतली.

राहिली पेन्सिलीची खूण. ती साफ चुकीची निघाली. आधीच्या मालकाने ज्याच्या नावाखाली रेघ ओढली होती, तो ‘एक्स’ नव्हताच, आणि पुस्तकाच्या उत्तरार्धात त्या मालकाच्या पेन्सिलीची एकही खूण नाही. आता पुस्तक गटातल्या सातव्या वाचकाकडे गेले आहे. देण्यापूर्वी मी खोडरबर हातात घेतले होते, पण तो ‘हाच!’ तसाच राहू दिला.