झोपेतला लकवा: जवळचा सीटी की लांबचा एमआरआय?

परतूरहून भाच्याचा फोन. "मामा, आबा उठले तर उजवा हात उचलंना. जवळ सीटी होतो, एमआरआयला संभाजीनगर. कुठं नेऊ?"

मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांत द्यायचं असतं. झोपेतल्या लकव्यात मात्र घड्याळ कुठून लावायचं? नियमाने माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथून.

वेळेत आणि खर्चात सीटी सरळ पुढे. मेंदूत रक्तस्राव असेल तर मिनिटांत दिसतो, आणि तेव्हा हे इंजेक्शन जीवावर बेतू शकतं.

खरा फरक माहितीत. एमआरआयच्या एका चित्रात इजा चमकते आणि दुसऱ्यात अजून उमटलेली नसते, तेव्हा झटका बहुधा ताजा असतो. याच खुणेवर २०१८ च्या 'वेक-अप' चाचणीत अल्टेप्लेस हे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं. जवळपास पूर्ववत झालेले शंभरात ५३, औषधाविना ४२. रक्तस्राव थोडा वाढला, हेही खरं. साध्या सीटीवर टेनेक्टेप्लेस हे तसंच दुसरं इंजेक्शन देणाऱ्या 'ट्विस्ट' चाचणीत फायदा सिद्ध झाला नाही.

मी आधी विचारलं, "रात्री उठले होते का?" आजी म्हणाली, चारला लघवीला गेले, नीट चालत आले. आमचं बोलणं चाललं तेव्हा साडेपाच वाजले होते. म्हणजे घड्याळ चारपासून. अशा माणसाला इंजेक्शनची सोय असलेला जवळचा सीटीच बरा. गुंगी, उलट्या, असह्य डोकेदुखी असेल तरीही तोच. रात्रीचं काहीच कळत नसेल आणि माणूस शुद्धीत असेल, तर १०८ ला सांगून एमआरआय आणि मेंदूविकारतज्ज्ञ असलेलं रुग्णालय गाठा, निघतानाच तिथे फोन करा.