जग्वारचे मॅनिफोल्ड: एनॅमल की सिरॅमिक?
जुन्या जग्वार गाड्यांच्या एक्सके इंजिनाचे बिडाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतून निघणारा जळका वायू एकत्र करून एक्झॉस्ट पाइपकडे नेणारे भाग) मुळात काळ्या, चकचकीत एनॅमलने मढवलेले असत; काचेची भुकटी सुमारे ८०० अंश सेल्सिअसला वितळवून बिडावर चढवलेला हा थर शाबूत असेतो गंजाला दाद देत नाही, आणि मूळ रूपाच्या आग्रही मालकाला दुसरे काही पटतही नाही. मात्र तो ठिसूळ असल्याने तापलेल्या मॅनिफोल्डवर गार पाणी पडले, किंवा चुकीच्या ट्यूनिंगमुळे तो अति तापला, की टवके उडतात आणि त्यांची जागच्या जागी डागडुजी करता येत नाही. सिरॅमिक लेप पातळ असूनही तापण्या-निवण्याचे चक्र अधिक सोसतो आणि बॉनेटखालची उष्णताही कमी करतो. त्याची झळाळी मात्र बेताची असते. प्रदर्शनापेक्षा रस्त्यावर अधिक धावणाऱ्या गाडीसाठी मी सिरॅमिकच निवडेन.